क्लॅप उलटा वाजल्यावर

मी कंटिन्युइटीचं काम करते. म्हणजे नेमकं काय करते, हे माझ्या नवऱ्याला तीस वर्षांत कळलेलं नाही, तेव्हा तुम्हालाही सांगूनच टाकते. सिनेमा तुकड्या-तुकड्यांनी शूट होतो. नट खोलीतून निघतो आज, आणि दाराबाहेर रस्त्यावर पाऊल टाकतो आठ दिवसांनी, दुसऱ्याच ठिकाणी. पडद्यावर मात्र ते एकच पाऊल दिसायला हवं. मधल्या आठ दिवसांत गड्याने केस कापले, डाव्या हातातली पिशवी उजव्या हातात घेतली, की झाली बोंब. ती होऊ नये म्हणून कोपऱ्यात एक बाई वही घेऊन बसलेली असते आणि सगळ्यांना नको नको करून सोडते. ती मी. युनिटमध्ये मला मावशी म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे, आणि माझी काही हरकत नाही.

आता या दिग्दर्शकाबद्दल. त्याच्याबरोबर मी एकोणीस वर्षं काम करतेय. तो मला ताई म्हणतो, मी त्याला अरे-तुरे करते, आणि सेटवर त्याला उलट बोलायची मुभा असलेली मी एकटीच. पुरुषाचं पुरुषावर प्रेम बसतं हे ज्या काळात लोक पडद्यावर फक्त हशा पिकवायला दाखवत, त्या काळात याने त्यावर अख्खा सिनेमा काढला आणि तोंडघशी पडला. मग पुन्हा काढला. स्वतःचंही त्याने कधी लपवलं नाही. तेविसाव्या वर्षी घरी सांगितलं, वडिलांनी त्याच दिवशी बाहेर काढलं, आणि तेव्हापासून हा माणूस कोणाच्या बापाला घाबरत नाही. माझा जीव आहे त्याच्यावर. हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्याला बरंच काही बोलणार आहे.

या वेळच्या सिनेमात दोन पोरं होती. एक शिंप्याच्या दुकानात काम शिकणारा, दुसरा लिफ्ट दुरुस्त करणारा. दिग्दर्शकाचा नियम असा की तालमीच्या पहिल्या दिवसापासून नटांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारायची नाही. त्यामुळे अख्ख्या युनिटसाठी एक शिंपी झाला आणि दुसरा लिफ्टवाला. चहावालासुद्धा ओरडायचा, शिंप्याचा बिनसाखरेचा घेऊन जा म्हणून. लिफ्टवाला चोवीसचा, दोन सिनेमे केलेला, लग्न ठरलेला. शिंपी एकवीसचा आणि हे त्याचं पहिलंच काम. चारशे मुलांतून निवडला होता त्याला. निवड झाल्याचं कळलं तेव्हा पोरगा जिन्यात बसून रडला होता, मी पाहिलंय. पुढे सुई कशी धरायची हे शिकायला दीड महिना खऱ्या शिंप्याकडे जाऊन बसला आणि बोटांची चाळण करून आला.

त्याचे वडील शाळेची बस चालवतात. सिनेमात काय आहे ते त्याने घरी सांगितलं होतं. वडील म्हणाले होते, नटाला काय, आज चोराचं काम, उद्या पोलिसाचं. माणूस साधा, पण बोलला लाखातलं, आणि पोराला त्या एका वाक्याचा आडोसा मिळाला. काम करतोय, नट आहे. एवढ्यावर त्याचं घरात निभावत होतं. त्याच्या मनात खरं काय आहे, हे आम्हाला कोणाला माहीत नव्हतं आणि आम्ही विचारलंही नाही. विचारायचं काही कारणच नव्हतं.

काळजीचं म्हणाल, तर दिग्दर्शकाने त्यात कसूर केली नव्हती. म्हणजे कागदावर नव्हती. जवळीकीचे जे तीन सीन होते, ते बसवायला एक खास बाई आणली होती. हात कुठे ठेवायचा, कुठे नाही, किती वेळ, याचा तक्ता. खोलीत पाचच माणसं, मोबाइल बाहेर टोपलीत. पोरांपैकी कोणीही हात वर केला की शूटिंग जागच्या जागी थांबणार. मुलाखतींमध्ये हे सगळं तो छाती पुढे काढून सांगायचा, आणि सांगावं त्याने, मी असे सेट पाहिलेत जिथे कपडे उतरवायचेत हे पोरांना त्याच दिवशी सकाळी गाडीत कळतं. पण एक गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही. अंगाला हात कुठे लागेल याचा तक्ता होता. तोंडातून काय निघून जाईल याचा नव्हता.

त्याला कारण आमचं शेपूट. हा आमच्या दिग्दर्शकाचा लाडका प्रकार. लिहिलेले संवाद संपले तरी हा कट म्हणत नाही. कॅमेरा चालूच. नट बिचारे एकमेकांकडे बघतात, काहीतरी करतात, काहीतरी बोलतात, आणि याचं म्हणणं, सोनं असतं ते त्या शेपटातच. कट म्हणायचा अधिकार फक्त त्याचा. आग लागली तरी दुसऱ्याने म्हणायचं नाही. करारातही तसंच लिहिलेलं, की अ‍ॅक्शन आणि कट यांच्यामधलं सगळं सिनेमाचं.

सत्ताविसावा सीन. शिंपी लिफ्टवाल्याच्या शर्टाचं माप घेतो. टेप गळ्यात, टाचण्या तोंडात, मापं वहीत लिहायची ती वही उलटी धरलेली, कारण मन ठिकाणावर नाही. गोड सीन होता. दोघं आधीच रंगात आलेली, म्हणून दिग्दर्शकाने गुपचूप कॅमेरा सुरू करायला लावला, क्लॅप न देता. आता क्लॅप का देतात, तर चित्र वेगळं रेकॉर्ड होतं आणि आवाज वेगळा, आणि त्या एका टाळीवर दोन्ही जुळवतात. सुरुवातीला राहिला तर शेवटी द्यायचा आणि पाटी उलटी धरायची. पाटी उलटी वाजली म्हणजे शॉट संपला, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यानंतर लोक पाठ मोडतात, खोकून घेतात, चहा मागवतात.

संवाद संपले. शेपूट सुरू झालं. एक मिनिट गेलं, दीड गेलं. मी पाहिलं, दिग्दर्शकाने कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मला वाटलं, झालं याचं. मी सहायक मुलीला खूण केली, दे क्लॅप. तिने पाटी उलटी धरून वाजवली आणि बाजूला झाली. चूक माझी. खूण करायचं काम माझं नव्हतं, त्याने कट म्हटलेलं नव्हतं, आणि एकोणीस वर्षांत मी ती आगाऊपणाची खूण कधी केली नव्हती. मी वहीत लिहिलं, टेक चार, शेवटी क्लॅप, आणि माझं डोकं त्या वहीतच राहिलं.

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या, टेप टेबलावर टाकली आणि टेबलावरच बसला. आणि लिफ्टवाल्याला म्हणाला, अगदी सहज, जेवणाच्या सुट्टीत बोलावं तसं:

"तुझं बरंय रे. इथून गेलास की तुझं काम संपलं. माझं इथून गेल्यावर सुरू होतं. खरं सांगू? मी इथे आराम करतो, अ‍ॅक्टिंग घरी करतो. बाबा बस लावून येतात, समोर जेवायला बसतात, विचारतात आज काय केलंस. मी म्हणतो, काही नाही, त्या मुलावर प्रेम असल्यासारखं केलं. असल्यासारखं. ते हसतात, मी हसतो. रोज."

लिफ्टवाल्याने नुसता शिंप्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी मान वर केली तेव्हा ते दोघं तसे बसलेले होते आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. पण तेवढ्यात मला कापडाच्या तुकड्याची लांबी मोजायला पुढच्या सेटवर बोलावलं, आणि मी गेले. त्या दिवशी आमचे अजून नऊ शॉट बाकी होते. मी मनाशी म्हटलं, हे काही कोणी वापरणार नाही, वेड लागलंय का.

दीड महिन्याने एडिटिंगच्या खोलीत पहिला जोडलेला सिनेमा बघायला आम्ही पाचजण बसलो. मी, दिग्दर्शक, एडिटर बाई, आणि ती दोन पोरं. छोटी खोली, एक सोफा, एसी इतका की मी ओढणी डोक्यावरून घेतली. सत्ताविसावा सीन आला. माप झालं, संवाद झाले, शेपूट आलं. क्लॅप कापलेला होता. आणि त्यामागून ते सगळं, शब्दन्‌शब्द. मी शिंप्याकडे बघायची हिंमत केली नाही. त्याचा गुडघा हलत होता तेवढा कळत होता.

दिवे लागले. दिग्दर्शकाने विचारलं, काय रे, कसं वाटलं. शिंपी म्हणाला, छान झालंय सर. दिग्दर्शक माझ्याकडे वळला. बघ, आता तू तोंड उघडूच नकोस, असा भाव. मग शिंप्याने विचारलं की सिनेमा कधी दाखवणार. वीस तारखेला पहिला खेळ, महोत्सवात, एडिटर म्हणाली. पोराने मान डोलवली.

मी त्याला बाहेर कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या मशीनपाशी गाठलं. तुला खरंच चालेल का हे, विचारलं. तो कागदी पेल्याची कड चुरगाळत होता. म्हणाला, "मावशी, सरांनी चारशे जणांतून मला घेतलं. मी काय सांगणार त्यांना?" मी म्हटलं, नाही सांग. तो हसला, म्हणजे ओठ हलवले, आणि बस पकडायची आहे म्हणून निघून गेला.

मग मी आत गेले आणि तोंडाचा पट्टा सोडला. म्हटलं, ते त्याचं स्वतःचं बोलणं आहे, शिंप्याचं नाही. दिग्दर्शक म्हणाला, म्हणून तर. प्रेक्षक क्षणभर गोंधळेल, मग त्याला कळेल की पोरगा भूमिकेतून बाहेर आलाय, आणि मग त्याच्या अंगावर काटा येईल. मी म्हटलं, अकराव्या सीनमध्ये शिंपी सांगतो की तो सात वर्षांचा असताना बाप वारला. मेलेला बाप बस चालवतो का? माझ्या वहीला हे चालत नाही. तो म्हणाला, ताई, तुझी वही बाजूला ठेव. मी म्हटलं, वहीच सांगते की क्लॅप वाजला होता, शॉट संपला होता. तो म्हणाला, कट मी म्हटलेलं नव्हतं. क्लॅप तू द्यायला लावलास.

हे मात्र माझ्या वर्मी लागलं. एवढी वर्षं भांडतोय, पण त्याने माझी चूक अशी माझ्याच गळ्यात कधी घातली नव्हती. मी विचारलं, पोराला घरातून काढलं तर? त्याने चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाला, "मला काढलं तेव्हा मी मेलो नाही, ताई. जगायला लागलो. मला असा एक सिनेमा बघायला मिळाला असता ना, तर दहा वर्षं आधी जगायला लागलो असतो. कुठल्यातरी गावात असं एक पोरगं बसलेलं असेल, त्याच्यासाठी हा शॉट आहे." आणि वैताग याचा, की त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. असं पोरगं नक्की असेल. पण त्या न पाहिलेल्या पोरासाठी या समोर बसलेल्या पोराचा बळी द्यायचा, आणि वर ते पोरगं हो म्हणालं म्हणून हात झटकायचे. अरे, तो हो म्हणणारच होता. तू त्याला उद्या गच्चीवरून उडी मार म्हणालास, तरी विचारेल, सर, कुठल्या बाजूने?

घरी येऊन मी नवऱ्यासमोर सगळं ओकले. तो चित्रकलेचा शिक्षक होता, आता निवृत्त आहे आणि दिवसभर माझ्यावर टीका करायला मोकळा आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की तू यावर भांडतेयस हे त्या मुलाला माहीत आहे का. मी म्हटलं, कशाला त्याचा जीव टांगणीला लावू? झालं तर सांगेन. नाही झालं तर उगाच आशा लावल्यासारखं व्हायचं. नवऱ्याने खांदे उडवले. मला त्याचा रागच आला. सगळ्यांत काय बोट घालायचं असतं याला.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज एडिटिंगला जाऊन बसायला लागले. दिग्दर्शकाला माझी पानं हवी होती, अंतिम नोंदींसाठी, आणि त्यात त्याला टेक चारची नोंद बदलून हवी होती. शेवटी क्लॅप, याच्या जागी मध्ये क्लॅप. म्हणजे उद्या कोणी विचारलंच तर शॉट पुढे चालू होता असं दिसेल. मी म्हटलं, माझ्या हयातीत नाही. तो म्हणाला, तू मैत्रीचा फायदा घेतेस. मी म्हटलं, तू त्याच्या वयाचा घेतोस. दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त एडिटरमार्फत बोललो. एका सोफ्यावर बसून. यांना सांगा, यांना विचारा. पंच्याहत्तर सिनेमे जोडलेली ती बाई, तिला आमच्यापुढे शाळेतली बाई व्हावं लागलं.

तिसऱ्या दिवशी दिग्दर्शक फोनवर बोलायला बाहेर गेला, तेव्हा तीच हळूच म्हणाली, मावशी, पुढचं ऐकलंत का तुम्ही? पुढचं म्हणजे? तर सिनेमात घेतलेला तुकडा जिथे संपत होता, त्याच्या पुढेही कॅमेरा चालूच होता. तिने ते ऐकलं होतं आणि मूग गिळून बसली होती. नोकरी तिचीही होतीच.

दिग्दर्शक परत आला तेव्हा मी त्याला म्हटलं, बस, हे बघ. पडद्यावर ती दोघं टेबलावर बसलेली. लिफ्टवाल्याचा हात गुडघ्यावर. मग शिंपी सहज मान वळवतो आणि त्याला लाल दिवा दिसतो. त्याचा चेहरा बघवत नाही. सगळं रक्त उतरतं. तो विचारतो, सर, चालू होता का? आणि कॅमेऱ्यामागून आवाज येतो, हसरा, आनंदात न्हाऊन निघालेला. दिग्दर्शकाचा.

"अरे घाबरतोस काय वेड्या, हे कोण वापरतंय?"

आणि पोरगा हसतो. विश्वास ठेवून हसतो.

मी ते तीनदा लावायला सांगितलं. पहिल्या वेळी दिग्दर्शक म्हणाला, हे मी म्हणालो? दुसऱ्या वेळी त्याने चष्मा काढून ठेवला. तिसऱ्या वेळी तो उठला आणि चष्मा सोफ्यावरच विसरून निघून गेला. तो खोटं बोलला नव्हता त्या दिवशी, एवढं मी त्याला ओळखते. त्या क्षणी त्याला खरंच वापरायचं नव्हतं. नंतर शॉट पाहिला, डोळे दिपले आणि स्वतःचा शब्द त्याच्या कानांतून पुसला गेला. आमच्या धंद्यात असं होतं. चांगला शॉट दिसला की माणसाला आपण कोणाला काय बोललो ते आठवत नाही. मलाही पोराने पाणी पिताना पेल्याची कड कशी चुरगाळली ते आठवतं, पण तो किती दिवस धड झोपला नव्हता, हे मी विचारलं नव्हतं.

दोन दिवस दिग्दर्शकाचा पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी, बारा तारखेला, सकाळी फोन आला. म्हणाला, "काढला, ताई. क्लॅपपाशी कापला. सिनेमा लंगडा झालाय, पण काढला." मी काय काय बोलले त्याला, आता आठवतही नाही. बहुतेक शहाणं माझं बाळ ते, असं काहीतरी. एक्कावन्न वर्षांच्या माणसाला. आणि लगेच शिंप्याला फोन लावला. हातातलं पीठ पुसायचंही भान नव्हतं. म्हटलं, ऐक, तो शॉट गेला. सरांनी काढून टाकला. आता बिनघोर राहा.



"मावशी," तो म्हणाला, "मी परवा सांगितलं घरी."

तो सांगत होता, आणि आवाज असा की जणू दुसऱ्या कोणाचं सांगतोय. त्याने हिशोब केला होता. वीस तारखेला खेळ, मग चार लोक बोलणार, मग बसच्या डेपोत कोणीतरी बाबांना मोबाइलवर दाखवणार. त्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे. म्हणून परवा संध्याकाळी जेवणाआधी सांगितलं. आई रडली. वडिलांनी टीव्ही बंद केला. सकाळी नेहमीच्या वेळी बस काढायला निघाले आणि बूट घालता घालता म्हणाले, संध्याकाळी मी येईन तेव्हा तू इथे नकोस. तेव्हापासून तो लिफ्टवाल्याच्या खोलीवर होता.

"म्हणजे शॉट नाहीये आता?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग मी सांगितलं नसतं तरी चाललं असतं."

आठवडाभर मी त्याच्यासाठी भांडत होते आणि त्याला एका शब्दाने कळवलं नव्हतं. एक फोन. नुसतं म्हणायचं होतं, थांब रे, अजून ठरलेलं नाही. दिग्दर्शकाने त्याला न विचारता शॉट ठेवला, आणि मी त्याला न विचारता शॉट काढायला निघाले. मोठ्या तोंडाने दुसऱ्याला जाब विचारत फिरत होते मी. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"मावशी, मग परत घाला ना तो," शिंपी म्हणाला. "निदान वाया तरी जाणार नाही."

मी दिग्दर्शकाला फोन केला आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. मग मी शेवटचं सांगितलं, की तो शॉट परत घाला म्हणतोय. दिग्दर्शक म्हणाला, खरंच म्हणाला असं? आणि त्या तीन शब्दांत, एका श्वासापुरता, मला तो आवाज ऐकू आला. चांगला टेक मिळाल्यावर त्याच्या गळ्यात येतो तो. एकोणीस वर्षं ओळखते मी तो आवाज. संताप कोणाचा करू? त्याच क्षणी माझ्याही डोळ्यांपुढे तो शॉट आला होता आणि मीही म्हटलं होतं मनात, काय शॉट आहे. मी त्याला म्हटलं, तोंड बंद कर आणि गाडी काढ.

लिफ्टवाल्याची खोली चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. दिग्दर्शकाला दम लागला होता. दुपारचे साडेतीन. लिफ्टवाला दुसऱ्या कामाच्या शूटिंगला गेलेला. शिंपी जमिनीवर गादीवर बसला होता, अंगात लिफ्टवाल्याचा शर्ट, बाह्या दोनदा दुमडलेल्या. दिग्दर्शक त्याच्यासमोर तसाच जमिनीवर बसला. त्याने बरंच तयार करून आणलं होतं, गाडीत पुटपुटत होता. शॉट ठेवायचा की नाही ते तू सांग, तुझा शब्द शेवटचा, माझं चुकलं, मी तुला दिलेला शब्द विसरलो. चांगलं बोलला. मनापासून बोलला.

शिंप्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "शॉटचं नंतर बघू, सर. माझे कपडे घरी राहिलेत. बाबा साडेचारला मुलांना सोडून येतात, त्याआधी जाऊन आणायचेत. एकट्याने जायचा धीर होत नाहीये."

दिग्दर्शकाने घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, ताई, तू जातेस का याच्याबरोबर? मला चारला साउंड मिक्सिंग आहे, ते लोक थांबलेत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिभेवर आलं होतं की तूच जा, आणि बाप घरी आल्यावर जा. पण मी ते गिळलं. पुन्हा मीच ठरवायला निघाले होते. मी शिंप्याकडे वळून विचारलं, "तुला काय हवंय?"

त्याला या प्रश्नाची सवय नव्हती. तो बराच वेळ शर्टाची दुमडलेली बाही उलगडत राहिला आणि पुन्हा दुमडत राहिला. मग माझ्याकडे नाही, दिग्दर्शकाकडे बघून म्हणाला, "तुम्ही येणार असाल तर साडेचारनंतर जाऊ, सर. बाबा असताना. त्यांना दिसू दे, मी कोणाकडे काम करतो ते."

दिग्दर्शकाने फोन काढून मिक्सिंगवाल्यांना कळवलं की आज जमणार नाही. मग दाराशी जाऊन वाकला आणि बूट घालू लागला. त्याला नाडी बांधता येईना. शेवटी शिंपी उठला, त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने ती बांधून दिली.